संघमालकाने खेळाडूंच्या निर्णयांत कितपत लक्ष घालावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा पातळीवरच्या एका टी-२० लीगमध्ये एका उद्योजकाने दोन भागीदारांबरोबर संघ घेतला आहे. खेळाडूंचा लिलाव तोंडावर आला आहे. ते विचारतात, "पैसा माझा, नाव माझं, हरलो तर शिव्याही मलाच. मग खरेदी, कर्णधार, अंतिम अकरा यांत मी किती लक्ष घालायचं? कोच म्हणतात, सगळं माझ्यावर सोडा. भागीदार म्हणतात, सोडलंस की बुडालास. त्यात एक-दोन पोरं घ्या म्हणून घरूनही आग्रह आहे. आणि निकाल लागला नाही तर कोच बदलायचा अधिकार तरी माझा ना?"

कोचचं सगळंच्या सगळं ऐकू नका आणि भागीदारांचंही नको. फ्रँचायझी संघांच्या व्यवस्थापनात मी बरीच वर्षं काढली आहेत, जास्त क्रिकेटमध्ये आणि काही काळ कबड्डीत. लिलावाच्या टेबलावर बसलोय, मालकाचा निरोप कोचपर्यंत आणि कोचचा नकार मालकापर्यंत पोचवलाय. तेवढ्या अनुभवावर माझं ठाम मत असं झालंय की मालक किती बोलतो यापेक्षा तो कधी बोलतो, यावर संघाचं बरंवाईट ठरतं. लिलावाच्या आधी मालकाने भरपूर बोलावं, खोदून खोदून विचारावं. पहिला चेंडू पडल्यावर खेळाबद्दल त्याने जवळपास काहीच बोलू नये. बहुतेक मालक नेमकं उलटं करतात. तयारीच्या महिन्यांत त्यांना वेळ नसतो आणि तिसरा सामना हरल्यावर त्यांच्याकडे वेळच वेळ असतो.

भागीदारांची भीती मात्र बिनबुडाची नाही. आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, २००८ साली, विजय मल्ल्यांनी बंगळूरचा संघ ११ कोटी १६ लाख डॉलरला घेतला. मुंबईनंतरचा तो सगळ्यात महागडा संघ होता. राहुल द्रविड, जॅक कॅलिस, अनिल कुंबळे, वसीम जाफर, शिवनारायण चंदरपॉल अशी नावं. हा तर कसोटी संघ आहे, अशी चेष्टा सुरू झाली आणि संघ आठात सातवा आला. हंगाम अर्ध्यावर असतानाच मुख्य कार्यकारी अधिकारी चारू शर्मा यांना जावं लागलं. निवडीपासून आपण लांब राहिलो ही आपली मोठी चूक झाली, असं मल्ल्या तेव्हा जाहीरपणे म्हणाले.

तुमचे भागीदार हेच उदाहरण देत असतील. पण त्यातून निघणारा धडा मला वेगळा दिसतो. मल्ल्यांनी अकरा जण निवडायला हवे होते असं अजिबात नाही. लिलावाच्या आधी दोन साधे प्रश्न कोणीतरी विचारायला हवे होते: पहिल्या सहा षटकांत मारणार कोण, आणि शेवटच्या चारांत चेंडू कोणाच्या हातात द्यायचा? हे प्रश्न विचारायला क्रिकेट खेळलेलं असण्याची गरज नाही. कारखान्यात नवं मशीन घेताना तुम्ही जेवढे प्रश्न विचारता तेवढे इथे विचारले तरी पुरतं. ते फेब्रुवारीत विचारले गेले असते तर संघ वेगळा झाला असता. मे महिन्यात चिडून माणूस बदलल्याने काही बदललं नाही.

त्याच वर्षी सगळ्यात स्वस्त संघ होता राजस्थान, ६ कोटी ७० लाख डॉलरचा. मालकांनी शेन वॉर्नला कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही केलं. वॉर्नने नवख्या रवींद्र जडेजावर आणि युसुफ पठाणवर विश्वास टाकला. आपल्या गोव्याच्या स्वप्नील अस्नोडकरला ग्रॅम स्मिथबरोबर सलामीला पाठवलं आणि त्या पोराने पदार्पणातच अर्धशतक ठोकलं. १ जून २००८ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर चेन्नईला हरवून राजस्थान पहिला विजेता झाला. ही गोष्ट नेहमी 'मालकांनी हात लावला नाही म्हणून जिंकले' अशी सांगितली जाते, आणि ती अर्धीच खरी आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झालेल्या एका ऑस्ट्रेलियन लेगस्पिनरच्या हातात सगळा संघ द्यायचा, हा त्या हंगामातला सगळ्यात मोठा खेळाडूविषयक निर्णय मालकांचाच होता. तो त्यांनी आधी घेतला आणि मग त्याला धरून राहिले.

तेव्हा तुमचं पहिलं काम हे की शेवटचा शब्द कोणाचा, हे लिलावाच्या आधी ठरवा आणि कागदावर लिहा. एकाच माणसाचं नाव लिहा, समिती नको. 'आपण सगळे मिळून ठरवू' असं म्हणणाऱ्या संघात प्रत्यक्षात सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस ठरवतो, आणि तो आवाज बहुधा चेक लिहिणाऱ्याचा असतो. खरेदीत शेवटचा शब्द कोचचा की क्रिकेट संचालकाचा, अंतिम अकरा कोच आणि कर्णधार मिळून ठरवणार का, मतभेद झाले तर कोणाचं चालणार, हे सगळं त्या कागदावर यावं.

दुसरं, संघाची दिशा. ही मात्र पूर्णपणे मालकाची गोष्ट आहे आणि ती कोचवर ढकलू नये. आज जिंकायचंय की तीन वर्षांत संघ उभा करायचाय? गावातली पोरं खेळवायची आहेत की बाहेरून नावं आणायची आहेत? पुणेरी पलटणचं उदाहरण बघा. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात, २०२२ मध्ये, इराणचा फझल अत्राचली त्यांचा कर्णधार होता. अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ असा हरले. पुढच्या हंगामात अत्राचली संघात नव्हता आणि कप्तानी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारकडे होती. आजूबाजूला मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी तरुण पोरं, आणि जोडीला मोहम्मदरेझा शादलू या इराणी खेळाडूवर मोजलेले २ कोटी ३५ लाख. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. फायनलपर्यंत नेणाऱ्या नावाजलेल्या कर्णधाराला सोडून विशीतल्या पोरांवर संघ उभा करणं हे कोच एकट्याच्या बळावर रेटू शकत नाही. पहिले दोन सामने गेले तर लोक तोंडसुख घेणार हे सगळ्यांना माहीत असतं. अशा वेळी मागे कोण उभं राहणार, हे मालकाने आधीच सांगितलेलं असावं लागतं.

आता लिलाव, कारण मालक सगळ्यात जास्त घसरतो तो इथेच.

चांगल्या तयारीच्या टेबलावर काय असतं ते सांगतो. प्रत्येक जागेसाठी तीन-तीन नावं, पहिली पसंती मिळाली नाही तर दुसरी, तीही गेली तर तिसरी. प्रत्येक नावापुढे एक कमाल आकडा, ज्याच्या वर जायचं नाही. एक जण लॅपटॉपवर उरलेली रक्कम आणि उरलेल्या जागा सतत मांडत असतो. एकाच्याच हातात पॅडल, म्हणजे बोली लावायला उचलायची पाटी. आदल्या दिवशी खोटा लिलाव करून बघितलेला असतो, दुसऱ्या संघांच्या भूमिकेत आपलीच माणसं बसवून. हे सगळं ठरत असताना मालकाने टेबलाच्या डोक्याशी बसावं आणि प्रत्येक आकड्याला 'का?' विचारावं. या खेळाडूला इतके का? याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, रिपोर्ट कोणी बघितला? याच्या धावा कसल्या गोलंदाजीवर आल्यात? कोचला उत्तर देताना दोनदा विचार करावा लागला तर तुमचा प्रश्न कामाचा होता.

लिलावाच्या दिवशी मात्र चित्र बदलतं. मी काम केलेल्या एका संघात एका अष्टपैलू खेळाडूवर आम्ही कमाल आकडा लिहिला होता. बोली तिथपर्यंत आली, कोचने मान हलवून 'पुरे' म्हटलं. समोरच्या टेबलावरचा मालक आमच्या मालकांकडे बघून हसला, बस, एवढंच. पुढच्या काही मिनिटांत आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या जवळपास दुपटीला तो खेळाडू घेतला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मग लॅपटॉपवाल्याने उरलेली रक्कम दाखवली तेव्हा शेवटच्या षटकांत यॉर्कर टाकणारा जो गोलंदाज आम्हाला हवाच होता, त्याच्यासाठी पैसे उरले नव्हते. तो हंगाम आम्ही शेवटच्या चार षटकांतच गमावला. अष्टपैलू खेळाडू वाईट खेळला असंही नाही. त्याच्या किमतीने आमचा दुसरा माणूस खाल्ला.

म्हणून पॅडल स्वतःच्या हातात घेऊ नका. मालकाने टेबलावर बसू नये असं मी म्हणत नाही. मुंबई इंडियन्सच्या टेबलावर अंबानी कुटुंबातलं माणूस नेहमी दिसतं आणि त्या संघाने पाच वेळा आयपीएल जिंकलंय. फक्त एक नियम करा: कमाल आकड्याच्या वर जायचं तर तुम्ही आणि कोच, दोघांचाही होकार हवा. एकाचा नकार म्हणजे नकार.

मोठ्या पातळीवर हे कसं दिसतं त्याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे ऋषभ पंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला झालेल्या लिलावात प्रत्येक संघाकडे एकूण १२० कोटी होते आणि त्यात किमान १८, कमाल २५ खेळाडू बसवायचे होते. पंतवर लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली. त्याच्या आधीच्या संघाने, दिल्लीने, त्याला परत घेण्याचा हक्क वापरला, तेव्हा लखनौने एका झटक्यात आकडा २७ कोटी केला आणि दिल्लीने माघार घेतली. म्हणजे एका खेळाडूवर साडेबावीस टक्के रक्कम. पंतसाठी मोठी रक्कम आधीच राखून ठेवली होती, असं लखनौचे मालक संजीव गोयंका यांनी नंतर सांगितलं. पद्धत म्हणून यात मला खोट दिसत नाही. पण पुढच्या हंगामात शेवटच्या साखळी सामन्यातल्या नाबाद ११८ धरूनही पंतच्या धावा २६९ झाल्या आणि संघ सातवा आला. बरोबर पद्धतीने घेतलेला निर्णयही फसतो. तो फसला की मालकाने काय करायचं, ही खरी परीक्षा असते.

गोयंकांच्याच दोन हंगामांकडे मी तुमचं लक्ष वेधतो, कारण एकाच माणसाने घेतलेला एक निर्णय मला बरोबर वाटतो आणि त्याचंच एक वागणं चुकीचं. २०१६ मध्ये त्यांच्या पुण्याच्या संघाचा कर्णधार महेंद्रसिंग धोनी होता. त्या वर्षी दुष्काळामुळे न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, गहुंज्याच्या हक्काच्या मैदानाऐवजी पुण्याला विशाखापट्टणमला खेळावं लागलं, आणि संघ सातवा आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये, लिलावाच्या तोंडावर, त्यांनी कप्तानी स्टीव्ह स्मिथला दिली. धोनीने स्वतःहून पद सोडलेलं नाही, निर्णय आमचा आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. धोनीला काढलं म्हणून देशभर आरडाओरडा झाला, पण मला तो निर्णय मालकाच्या अधिकारातला, योग्य वेळी घेतलेला आणि सरळ सांगितलेला वाटतो. लिलावात बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं, आणि महाराष्ट्राच्या राहुल त्रिपाठीला अवघ्या १० लाखांत. संघ अंतिम सामन्यात पोचला आणि हैदराबादला मुंबईकडून एका धावेने हरला.

पण त्याच हंगामात, पहिल्याच विजयानंतर, मालकांचे बंधू हर्ष गोयंका यांनी स्मिथची स्तुती करताना धोनीला कमी लेखणारं ट्विट केलं. त्याचा क्रिकेटशी काही संबंध नव्हता. तरी ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाने ते वाचलंच असणार. तुमच्या भागीदारांना, बायकोला, भावाला, मुलांना आजच सांगून ठेवा: आपल्या खेळाडूबद्दल सोशल मीडियावर एक अक्षर लिहायचं नाही, चांगलंसुद्धा दुसऱ्याशी तुलना करून नाही.

आणि मग ८ मे २०२४. हैदराबादने लखनौचं १६६ धावांचं आव्हान एकही गडी न गमावता ९.४ षटकांत पार केलं. सामना संपल्यावर सीमारेषेजवळ गोयंका कर्णधार के. एल. राहुलशी तावातावाने बोलतायत, हे दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. ते काय बोलत होते याला माझ्या लेखी महत्त्व नाही. कदाचित मुद्दे बरोबरही असतील. पण कॅमेऱ्यासमोर, हरल्यावर दहा मिनिटांत, मालकाने कर्णधाराशी हातवारे करत बोलायचं नसतं. त्या क्षणी तो कर्णधार उरलेल्या हंगामासाठी आपल्याच खेळाडूंपुढे लहान होतो. पुढच्या लिलावाआधी राहुलने संघ सोडला आणि १४ कोटींना दिल्लीकडे गेला. हरल्याच्या रात्री तुम्हाला बोलावंसं वाटणारच. चोवीस तास थांबा, मग बंद खोलीत, कोचसमोर, बोला.

मालकांना एक गोष्ट उमगायला फार वेळ लागतो. तुम्ही ज्याला सूचना म्हणता, तो समोरच्यासाठी हुकूम असतो. तुम्ही कितीही प्रेमाने 'बघा जमलं तर' म्हटलंत तरी ज्याचं मानधन तुमच्या सहीवर अवलंबून आहे तो माणूस ते 'करा' असंच ऐकतो. एका लीगमध्ये टॉसला थोडा वेळ उरला असताना मालकांचा व्हॉट्सॲप आला होता: "तो डावखुरा मुलगा तिसऱ्या नंबरला पाठवता आला तर बघा." मी तो कोचना दाखवला. त्यांनी वाचला, फोन परत दिला, काही बोलले नाहीत आणि फलंदाजीचा क्रम बदलला. आमचा नेहमीचा तिसरा फलंदाज पॅड बांधून बसला होता, त्याला शेजारच्याने सांगितलं की आज तू पाचवा. डावखुऱ्याने वीसेक धावा केल्या, सामना आम्ही जिंकलोसुद्धा. नुकसान नंतर झालं. दोन दिवसांत सगळ्या संघाला कळलं होतं की क्रम कुठून ठरतो. मग खेळाडू कोचकडे जायचे थांबले. एकाने मालकांच्या ऑफिसात पेढे नेले. दुसऱ्याच्या मामाने भागीदाराला फोन केला. सरावात चूक दाखवली की पोरं कोचकडे बघून मान डोलवायची आणि करायचं तेच करायची. एक मेसेज आणि कोच नुसता नावाला उरला.

मोठ्या लीगमध्ये खेळाडूंच्या कक्षात शिरण्याआधी फोन जमा करावे लागतात, आणि २०१३ च्या स्पॉट-फिक्सिंग प्रकरणानंतर मालकांच्या वावरावरही बंधनं आली. ते सगळं भ्रष्टाचार रोखण्यासाठी आहे, पण त्यामुळे असे मेसेजही थांबतात, हाही फायदा आहे. तुमच्या लीगमध्ये तसा नियम नसेल तर स्वतःच करा.

मालकाने सुचवावं आणि कोचने किंवा कर्णधाराने नाही म्हणावं, आणि तरीही दोघांचे संबंध तसेच राहावेत, हे ज्या संघात होतं तो संघ टिकतो. चेन्नईचे एन. श्रीनिवासन यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. त्यांनी धोनीला एक उत्तम खेळाडू सुचवला. धोनी म्हणाला, नको सर, तो संघ बिघडवेल. विषय तिथेच संपला. कोलकात्याचंही तसंच. सौरव गांगुलीला न घेण्याचा अतिशय कडू निर्णय घेऊन त्यांनी २०११ मध्ये गौतम गंभीरला २४ लाख डॉलरला आणलं. हा संघ तुझा आहे, घडव किंवा बिघडव, असं शाहरुख खानने आपल्याला सांगितल्याचं गंभीरने अनेकदा बोलून दाखवलंय. २०१२ आणि २०१४ ची विजेतेपदं त्यानंतरची. त्याआधीच्या तीन वर्षांत, एकापेक्षा जास्त कर्णधारांच्या कल्पनेसकट सगळे प्रयोग करून, २००९ मध्ये तो संघ तळाला गेला होता.

श्रीनिवासन यांचं नाव घेतलं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते एकाच वेळी चेन्नईच्या मालकीशी जोडलेले आणि बीसीसीआयचे अध्यक्ष होते. भारताच्या कप्तानीवरून धोनीला काढायचा निवड समितीचा विचार आपण अडवला, हे त्यांनी उघडपणे मान्य केलंय. आपल्या संघाच्या कर्णधाराबद्दलचा जिव्हाळा असा दुसऱ्या खुर्चीवर बसून वापरायचा नसतो. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदाधिकाऱ्यांना संघात आर्थिक हितसंबंध ठेवू देणारी नियमातली दुरुस्ती रद्द केली, आणि ते योग्यच झालं. तुमच्यापैकी कोणी जिल्हा संघटनेच्या निवड समितीवर असेल तर दोन्हींपैकी एक पद आत्ताच सोडा.

मालक बाजूला झाला की काय होतं याचा अगदी स्वच्छ नमुना बेसबॉलमध्ये आहे, म्हणून एवढा एक परदेशी दाखला. जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी १९७३ मध्ये न्यू यॉर्क यांकीज घेतला तेव्हा रोजच्या कारभारात पडणार नाही असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात बिली मार्टिन या एकाच माणसाला त्यांनी पाच वेळा व्यवस्थापक, म्हणजे तिथला मुख्य प्रशिक्षक, म्हणून नेमलं. १९७७ आणि ७८ ला जिंकले, हे मान्य केलंच पाहिजे, पण नंतरचं दशक कोरडं गेलं. १९९० मध्ये एका प्रकरणावरून त्यांच्यावर कारभारबंदी आली. त्या काळात संघाचा कारभार बघणाऱ्या जीन मायकल यांनी तरुण खेळाडू विकले नाहीत, बर्नी विल्यम्सला वेळ दिला, १९९२ मध्ये डेरेक जीटरला नवोदितांतून निवडलं गेलं, मारियानो रिव्हेरा खालच्या संघांत तयार होत राहिला. १९९६ ते २००० या पाच वर्षांत यांकीजने चार विजेतेपदं मिळवली. स्टाइनब्रेनर तोवर परत आले होते आणि पैसा त्यांचाच होता. पण पोरं पिकायला जो वेळ लागतो तो त्यांच्या गैरहजेरीत मिळाला होता.

पैसा कुठे लावायचा हे विचाराल तर मी म्हणेन, खेळाडू शोधणाऱ्या माणसांवर लावा. मुंबई इंडियन्सला जसप्रीत बुमराह सापडला तो प्रशिक्षक जॉन राइट यांनी देशांतर्गत टी-२० सामन्यात ती विचित्र ॲक्शन बघितली म्हणून. तुमच्या पातळीवर याचा अर्थ एवढाच की तालुक्यातल्या टेनिस बॉल स्पर्धा, कॉलेजचे सामने, संघटनेचे साखळी सामने बघायला दोन जाणकार माणसं ठेवा आणि त्यांचा प्रवास आणि भत्ता द्या. एका नावाजलेल्या खेळाडूच्या किमतीत हे काम आरामात होतं.

घरच्या आग्रहाचं उत्तर कडक आहे. भाचा असो, पुतण्या असो, की ज्यांच्या शब्दाबाहेर जाता येत नाही अशा साहेबांचा मुलगा असो, त्याला चाचणीला पाठवा आणि तुम्ही त्या दिवशी मैदानावर जाऊ नका. कोल्हापूरच्या तालमींना आश्रयदाते होते, खुराक ते देत, पण कुठला पठ्ठा जोडीला तयार आहे हे वस्ताद सांगायचा. कोचने घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर नाराजी तुम्ही अंगावर घ्यायची, कोचच्या नावावर ढकलायची नाही. हे जमत नसेल तर त्या मुलाला सरळ संघ व्यवस्थापनात काही काम द्या. खेळाडूची जागा अडवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हंगाम सुरू झाल्यावरही काही गोष्टींत तुम्हाला पडावंच लागेल आणि तिथे मागे राहणं गुन्हा ठरेल. एखाद्या खेळाडूला सट्टेवाल्याचा फोन आला, कोणी कोणाशी गैरवर्तन केलं, दुखावलेल्या खांद्याने कोच एखाद्या मुलाला गोलंदाजी करायला लावतोय असं फिजिओ सांगतोय. अशा वेळी रात्री दोन वाजताही उठून निर्णय तुम्हीच घ्यायचा. आणि मानधन. लहान लीगमध्ये हंगाम संपून महिने गेले तरी पोरांचे पैसे अडकलेले मी पाहिलेत. त्यांतली काही पोरं नोकरीवर बिनपगारी रजा टाकून खेळतात. ठरलेल्या तारखेला पैसे खात्यात टाकणारा मालक पुढच्या वर्षी खेळाडूंना आपोआप हवासा वाटतो.

कर्णधार बदलायचा झाला तर तोही दोन हंगामांच्या मधल्या काळात, आणि स्वतः समोर बसून सांगून. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईने पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कप्तानी दिली. पुढचा विचार करणं हे मालकाचं कामच आहे, वेळही लिलावाच्या आधीची होती. पण वानखेडेवर आपल्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो होत राहिली आणि तो राग हार्दिकला एकट्याला झेलावा लागला. निर्णय ज्यांचा होता त्यांनी पुढे येऊन लोकांना नीट समजावलं असतं तर थोडं तरी ओझं कमी झालं असतं. संघ दहावा आला. तरी मालकांनी घाबरून पुन्हा कर्णधार बदलला नाही, आणि २०२५ मध्ये तोच कर्णधार संघाला दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे, घेऊन गेला. हा संयम मला त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

राहिला कोच. हो, कोच बदलायचा अधिकार पूर्णपणे तुमचा. पण कशावर मोजणार हे त्याला आधी सांगितलेलं हवं. लिलावाआधीच्या त्या कागदावरच लिहा: किती तरुणांना किती सामने मिळाले पाहिजेत, तंदुरुस्तीचं काय, कोणत्या स्थानापर्यंत पोचायचंय आणि कधीपर्यंत. हंगाम संपल्यावर दोन आठवडे जाऊ द्या. मग कोच, विश्लेषक आणि तुम्ही असे तिघं बसा आणि आधी खरेदी तपासा, सामने नंतर. कोचला हवा होता तो गोलंदाज तुमच्या हट्टामुळे मिळाला नसेल तर त्याचा हिशेब तुमच्या खात्यावर धरा. कोचला मागितलेलं सगळं दिलं असेल, हंगामभर तुम्ही मध्ये बोलला नसाल आणि तरीही ठरलेल्यापैकी काही झालं नसेल, तर त्याला बोलावून, मानधन पूर्ण चुकतं करून, तोंडावर सांगा आणि मोकळं करा. मग पुढच्या लिलावाला अजून बराच अवकाश असेल. नव्या माणसाला त्याची यादी स्वतः करू द्यायला तेवढा वेळ लागतोच.